अर्धशिशी आणि फिट एकाच घरात: नातं कुठे आहे, कुठे नाही

फिट आलेल्या मुलाला घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो: घरात आणखी कुणाला फिट येतात का? आईवडील आठवून आठवून सांगतात. वडिलांची आत्या, आजोबांचा धाकटा भाऊ. त्याच आईचं डोकं महिन्यातून दोनदा अर्ध्या बाजूनं ठणकतं, त्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेघा सरकतात, पण हे ती सांगत नाही. तिच्या लेखी तो पित्ताचा त्रास असतो. मुलाच्या फिटशी त्याचा काही संबंध असेल, असं तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

संबंध असू शकतो. सगळ्या घरांत नाही, पण काही घरांत नक्की. आपलं घर त्यांतलं आहे की नाही हे कळलं तर निदान नेमकं होतं, औषधाची निवड बदलते आणि पुढच्या पिढीबद्दलची भीती खऱ्या मापात येते. म्हणून या लेखाचा आग्रह एवढाच आहे: घरातली डोकेदुखी आणि घरातल्या फिट एकाच कागदावर मांडा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. तो कसा मांडायचा, त्यातून काय वाचायचं आणि पुढे काय करायचं, ते क्रमानं पाहू.

नात्याचा पुरावा किती पक्का?

दोन्ही आजार झटक्यानं येतात, ओसरतात आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. दोन्हींत झटक्याआधी विचित्र संवेदना होऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांना हे नातं फार पूर्वीपासून खुणावत होतं. इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०७ साली अपस्माराच्या सीमेवरच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात मूर्च्छा आणि भोवळ यांच्याबरोबर अर्धशिशीलाही त्यांनी जागा दिली होती.

आकडे बऱ्याच उशिरा आले. १९९४ साली रूथ ऑटमन आणि रिचर्ड लिप्टन यांनी अमेरिकेतल्या अपस्माराच्या रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपस्मार असलेल्यांपैकी २४ टक्के लोकांना अर्धशिशी होती. त्यांच्याच ज्या नातेवाइकांना अपस्मार नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होतं. वय आणि लिंग लक्षात घेऊन हिशेब केला तेव्हा धोका दुपटीहून जास्त निघाला. मात्र डोक्याला मार लागून ज्यांच्या फिट सुरू झाल्या होत्या, त्यांच्यातही अर्धशिशी जास्तच दिसली. अपघाताचा आनुवंशिकतेशी काय संबंध? दोन वर्षांनी याच दोघांनी थेट प्रश्न विचारला, दोन्ही आजारांमागे एकच आनुवंशिक कल आहे का? आणि त्यांच्या माहितीवरून उत्तर आलं, तसं दिसत नाही.

२०१३ साली कोलंबिया विद्यापीठातल्या मेलोडी विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं मांडला. ज्यांच्या फिटना मार, गाठ, संसर्ग असं बाहेरचं कारण नव्हतं आणि ज्यांच्या घरात फिटचे आणखी रुग्ण होते, असे ५०१ कुटुंबांतले ७३० रुग्ण त्यांनी घेतले. अर्धशिशीचेही दोन भाग केले: ऑरासह आणि ऑराशिवाय. डोकं दुखण्याआधी किंवा दुखताना चमचमत्या रेघा दिसणं, हाताला किंवा ओठाला मुंग्या येणं, शब्द न सुचणं, याला ऑरा म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना तो होतो. ज्यांच्या जवळच्या नात्यात आणखी दोन किंवा त्याहून जास्त जणांना फिट येत होत्या, त्यांच्यात ऑरासह अर्धशिशीचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. ऑराशिवायच्या अर्धशिशीत असा फरक दिसला नाही.

म्हणजे घरात फिटचे रुग्ण अनेक असतील आणि अर्धशिशी ऑरासह असेल, तर सामायिक आनुवंशिक मुळाची शक्यता ठळक होते. यांतलं एकही नसेल, तर ती पुसट होते.

जनुकं नेमकं काय करतात?

मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांना आतबाहेर सोडणारी बारीक दारं असतात. ती ठरावीक क्षणी उघडतात आणि मिटतात, म्हणून पेशी गरजेपुरतीच उत्तेजित होते. हे दार घडवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत एखादं अक्षर बदललं की दार उशिरा मिटतं किंवा उघडतच नाही, आणि मेंदूचा तो भाग चटकन पेट घेण्याच्या बेताला येऊन बसतो.

अपस्मारात अशा पेशींचा मोठा गट एकाच वेळी धडाधडा संदेश सोडू लागतो. अर्धशिशीच्या ऑरात मेंदूच्या पृष्ठभागावरून उत्तेजनेची एक लाट सरकते आणि तिच्यामागे काही मिनिटं सगळं शांत होतं. तिचा वेग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर, म्हणूनच चमचमती रेघ नजरेत इतकी सावकाश सरकते. ही लाट सापडली ती अपस्माराचा अभ्यास करताना. ब्राझीलचे अरिस्तिदिस लेआंव हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर फिटचे प्रयोग करत होते. त्यांना मेंदूचे संदेश वाढण्याऐवजी मावळत जाताना दिसले. १९४४ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि अर्धशिशीच्या ऑराशी त्याचं असलेलं नातं पुढे उलगडत गेलं.

एकच जनुक दोन्ही आजारांना कारण होतं, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते आनुवंशिक अर्धांगी अर्धशिशीत. या दुर्मीळ प्रकारात झटक्याच्या वेळी शरीराची एक बाजू तात्पुरती लुळी पडते. तिची तीन जनुकं पक्की माहीत आहेत. १९९६ साली सापडलेलं सीएसीएनए१ए हे कॅल्शियमच्या दाराचं जनुक. २००३ सालचं एटीपी१ए२ सोडियम-पोटॅशियमच्या पंपाचं, आणि २००५ सालचं एससीएन१ए सोडियमच्या दाराचं. तिन्हींच्या काही कुटुंबांत अर्धांगी अर्धशिशीबरोबर फिटही आढळल्या आहेत.

यांतलं एससीएन१ए अपस्मारतज्ज्ञांच्या आधीपासूनच ओळखीचं होतं. तान्ह्या वयात तापात सुरू होणाऱ्या आणि पुढे आटोक्यात न येणाऱ्या ड्रावे सिंड्रोमच्या फिट बहुतेकदा याच जनुकातल्या दोषानं येतात. तिथे दाराचं काम कमी पडतं, तर अर्धशिशीच्या कुटुंबांत ते गरजेपेक्षा वाढलेलं आढळतं. जनुक एक, बिघाड उलट दिशेचा. म्हणून 'या जनुकात बदल आहे' एवढंच वाचून कुणी घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. बदल कोणता, हे महत्त्वाचं.

हे सगळं एकाच जनुकाच्या दुर्मीळ आजारांबद्दल झालं. रोजच्या व्यवहारात भेटणारी अर्धशिशी अशी नसते. तिच्यामागे शेकडो जनुकांतले बारीक बारीक बदल असतात. २०२२ साली लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात अशी १२३ ठिकाणं जनुकसंचात सापडली. त्यांतलं कुठलंही एक ठिकाण एकट्यानं कुणाला आजारी पाडत नाही.

तुमचं घर कोणत्या गटात?

पहिला गट: घरात दोघी-तिघींचं डोकं दुखतं, ऑरा कुणाला नाही, फिट कुणालाच नाहीत. बहुतेक घरं यातच येतात, कारण जगात साधारण सातातल्या एका माणसाला अर्धशिशी असते. मुलांना फिट येतील या काळजीनं काही तपासण्या करायची इथे गरज नाही.

दुसरा गट: एकाच माणसाला अर्धशिशी आणि फिट दोन्ही आहेत, घरात बाकी कुणाला फिट नाहीत. इथे आनुवंशिकतेआधी मेंदूतलं दुसरं कारण शोधायचं. आपल्या देशात पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ आणि क्षयाची गाठ ही फिटची मोठी कारणं आहेत. जुना मार, जन्माच्या वेळी झालेली गुदमर, रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता हीही कारणं असतात. असा गुंता असेल तर एकाच बाजूला कायम दुखणारी डोकेदुखी आणि फिट दोन्ही एकाच जागेतून येऊ शकतात. एमआरआय इथे जनुकांच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

तिसरा गट: आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघा-तिघांना फिट येतात आणि घरात ऑरासह अर्धशिशीही आहे. २०१३ च्या अभ्यासातलं नातं या घरांचं आहे. इथे फिट येणाऱ्या प्रत्येकाला ऑराबद्दल मुद्दाम विचारा.

चौथा गट: पुढच्यांपैकी एक तरी खूण असेल तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्या.

- डोकेदुखीच्या झटक्यात एक बाजू लुळी पडणं, आणि असं घरात आणखी कुणाला होणं.
- डोक्याला किरकोळ टप्पल लागूनही मुलाला गुंगी, उलट्या, लुळेपणा येणं. सीएसीएनए१ए मधल्या एका बदलात अशा साध्या मारानंतर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते.
- तान्हेपणी फिट, आणि मोठेपणी पळायला उठताच काही सेकंद हातपाय वेडेवाकडे होणं. यामागे पीआरआरटी२ हे जनुक असू शकतं. त्याच्या काही कुटुंबांत अर्धांगी अर्धशिशीही दिसते.
- डोकेदुखी आणि फिट यांच्या जोडीला ठेंगणी चण, बहिरेपण, तरुणपणी मधुमेह किंवा पक्षाघातासारखे झटके, आणि हे सगळं आईकडून आलेलं असणं. हा पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा आजार असू शकतो.

तीन पिढ्यांचा कागद

कोऱ्या कागदावर तीन ओळी करा: वर आजी-आजोबा दोन्हीकडचे, मध्ये आईवडील, काका, मामा, मावश्या, आत्या, खाली तुमची पिढी आणि मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यातलं लग्न असेल तर त्या दोघांमधली रेघ दुहेरी काढा, कारण काही आजार त्यामुळेच वर येतात. ज्याला फिट त्याच्यापुढे 'फ', ज्याला अर्धशिशी त्याच्यापुढे 'अ', ऑरा असेल तर 'अऑ'. सुरू झालं ते वय आणि थांबलं असेल तर तेही वय शेजारी लिहा.

खरं कौशल्य विचारण्यात आहे. आजीला 'मायग्रेन आहे का' विचारलं तर उत्तर नाही येईल. 'उन्हानं डोकं चढायचं का, पित्तानं उलटी झाली की डोकं उतरायचं का, अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओढणी आवळून निजावं लागायचं का', असं विचारा. फिटचंही तसंच आहे. लोक 'दातखीळ बसायची', 'आकडी यायची', 'फेफरं होतं', 'अमावस्येला बाहेरचं व्हायचं' असं सांगतात. यांतलं काय फिट होतं आणि काय नव्हतं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

मुलांबद्दल आणखी चार गोष्टी विचारा: तापात आकडी आली होती का आणि कोणत्या वयापर्यंत, गाडी फार लागते का, पोटदुखी आणि उलट्यांचे ठरावीक अंतरानं झटके येतात का, आणि सकाळी उठल्यावर हातातला कप किंवा ब्रश उडतो का. गाडी लागणं आणि पोटदुखीचे झटके अर्धशिशीच्या लहानपणच्या खुणा असू शकतात. तापातली आकडी साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या वयानंतर थांबते. ती पुढेही येत राहिली तर आनुवंशिक अपस्माराचा विचार होतो. सकाळचे झटके ही किशोरवयातल्या एका ओळखीच्या अपस्माराची खूण असते आणि मुलं ते वर्षानुवर्षं घरच्यांना सांगत नाहीत.

चमचमणं अर्धशिशीचं की फिटचं?

दृष्टीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या मागच्या भागातून फिट निघाली तर तिच्यातही दिवे, रंग, आकार दिसतात आणि मागाहून डोकं दुखतं. अशा मुलांना बराच काळ अर्धशिशीची औषधं दिली जातात. फरक ओळखायला घड्याळ आणि रंग मदत करतात. अर्धशिशीचा ऑरा हळूहळू पसरतो, निदान पाच मिनिटं टिकतो, तासाभरात जातो, आणि बहुधा काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघांचा असतो. फिटमधले आकार एकदम येतात, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं टिकतात, बहुधा रंगीत आणि गोल असतात, आणि दर वेळी तसेच्या तसे उमटतात.

फिटनंतर डोकं दुखणं ही वेगळीच गोष्ट आहे. फिट येणाऱ्या अनेकांना तसं होतं आणि ते ओसरतं. त्याला अर्धशिशी समजून स्वतंत्र गोळ्या सुरू करायची घाई नको. ऑरा चालू असताना किंवा त्यानंतर तासाभरात फिट येणं, ही गोष्ट वैद्यकशास्त्र मान्य करतं, पण ती विरळा आहे. असं वाटलं तर वेळा लिहून ठेवा, कारण निदान त्या वेळांवरच ठरेल.

म्हणून वही ठेवा. तारीख, काय आधी आलं आणि किती मिनिटं, शुद्ध गेली का, डोकं कधी दुखू लागलं, आदल्या रात्रीची झोप, जेवण चुकलं का, पाळीचा दिवस, घेतलेली गोळी. घरच्यांनी मोबाइलवर झटक्याचं चित्रण केलं तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. ईईजी एकदा नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाहीच, असं होत नाही. आणि ईईजीवर चार तरंग वेगळे दिसले म्हणून अर्धशिशीच्या रुग्णाला अपस्मार जडवायचाही नसतो.

औषधं निवडताना

दोन आजार एकत्र असण्याचा एक फायदाही आहे. काही औषधं दोन्हींवर चालतात. टोपिरामेट आणि सोडियम व्हॅलप्रोएट ही मूळची अपस्माराची औषधं अर्धशिशीचे झटके कमी करायलाही वापरतात. फिटच्या डॉक्टरांना डोकेदुखीबद्दल सांगितलंच नसेल, तर हा पर्याय कुणाच्या लक्षात येणार नाही.

दोन्हींच्या बाजू मात्र माहीत असाव्यात. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या येतात, भूक कमी होते, शब्द पटकन सुचत नाहीत, मुतखड्याचा संभव वाढतो. पाणी भरपूर प्यायचं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅलप्रोएट शक्यतो देऊ नये. गर्भारपणी ते घेतलं तर शंभरांतल्या साधारण १० बाळांत मोठं जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० बाळांत वाढीच्या आणि बुद्धीच्या अडचणी दिसतात. निव्वळ डोकेदुखीसाठी एवढी जोखीम घेण्याचं कारण नाही. टोपिरामेटमुळेही बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याची शक्यता वाढते. हे वाचून कुणीही चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नये. फिटची गोळी अचानक तोडली तर लागोपाठ फिट येऊ शकतात. भेटीची वेळ घ्या आणि बदल डॉक्टरांच्या हातून करा.

जनुकाचा दोष माहीत असेल तर औषध आणखी नेमकं ठरतं. ड्रावे सिंड्रोममध्ये कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन यांनी फिट वाढू शकतात. मायटोकाँड्रियाच्या आजारात व्हॅलप्रोएट टाळतात. पीआरआरटी२ मुळे होणाऱ्या हालचालींच्या झटक्यांना मात्र कार्बामाझेपिनचा लहान डोसही लागू पडतो. अर्धांगी अर्धशिशीत डोकेदुखीचा झटका थांबवणाऱ्या ट्रिप्टान गटाच्या गोळ्या सहसा देत नाहीत.

वेदनाशामकांचं गणित लक्षात ठेवा. साधी गोळी महिन्यात १५ दिवस, किंवा ट्रिप्टान वा मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. फिट येणाऱ्या माणसानं ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी दुकानातून थेट घेऊ नये, तिनं फिटचा धोका वाढतो.

पाळणा लांबवताना दोन्ही आजार सांगा. ऑरासह अर्धशिशी असलेल्या बाईनं इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन चालू असेल तर त्या गोळ्यांचा भरवसा कमी होतो, आणि त्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरते. तांबीला यांतली कुठलीच अडचण नाही. सणासुदीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेण्याआधीही हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला.

जनुकांची तपासणी कधी?

पहिल्या गटात नको. दुसऱ्यात एमआरआय आधी. तिसऱ्या आणि चौथ्या गटात विचार करा, पण तपासणीआधी जनुकीय समुपदेशन घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ते मिळतं. सुरुवात घरातल्या सगळ्यात स्पष्ट आजारी माणसापासून करतात. निरोगी मुलाची तपासणी आधी करण्यात अर्थ नसतो, कारण काय शोधायचं हेच माहीत नसतं.

निकाल तीन प्रकारचे येतात: कारण सापडलं, काही सापडलं नाही, आणि बदल सापडला पण त्याचा अर्थ आज सांगता येत नाही. तिसऱ्या निकालावर औषध, लग्न, गर्भपात असे निर्णय घेऊ नयेत. काही वर्षांनी त्याच अहवालाचा पुन्हा अर्थ लावून घेता येतो, म्हणून तो जपून ठेवा. दुसरा निकाल आला तरी आजार आनुवंशिक नाही असं ठरत नाही. अनेक जनुकांचा मिळून होणारा परिणाम या तपासणीत पकडता येत नाही.

लग्न, गर्भारपण, मुलं

अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या दीर्घ अभ्यासात चाळिशीपर्यंत अपस्मार होण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत शंभरात एकाच्या थोडं वर, तर अपस्मार असलेल्याच्या भावंडांत आणि मुलांत शंभरात साधारण पाच होतं. म्हणजे शंभरातली ९५ मुलं त्यापासून दूरच राहतात. एकाच जनुकाच्या प्रबळ आजारात बदल पुढे जाण्याची शक्यता दर बाळंतपणाला निम्मी असते, पण बदल मिळालेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, आणि वडिलांना फिट तर मुलीला फक्त अर्धशिशी, असंही होतं.

स्थळ बघताना अपस्मार लपवण्याची रीत अजून आहे. तिच्यामुळे गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि फिट येतात. कायदा तुमच्या बाजूचा आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून असलेली अपस्माराची अट १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. योग्य औषधांनी दहातल्या सुमारे सात जणांच्या फिट आटोक्यात येतात, हेही बैठकीत सांगायला हरकत नाही. बाळाचा विचार करत असाल तर काही महिने आधी न्यूरोलॉजिस्टना भेटा. औषध बदलायचं असेल तर तेव्हाच बदलता येतं आणि फॉलिक ॲसिडही आधीपासून सुरू करता येतं.

रोजचं सांभाळणं आणि तातडीचं ओळखणं

जनुकं बदलता येत नाहीत, पण दोन्ही आजारांना चेतवणारी कारणं बरीचशी सारखी आहेत: जागरण, चुकलेलं जेवण, दारू, पाळीच्या आसपासचे दिवस, ताण. गणपतीतल्या रात्री, लग्नघरातली धावपळ, निर्जळी उपवास या काळात झोप आणि गोळीची वेळ चुकवू नका. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर तो वापरायला घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवा.

घराण्याचा इतिहास कितीही असो, पुढच्या वेळी 'नेहमीचंच आहे' म्हणून थांबू नका. एक बाजू पहिल्यांदा लुळी पडली तर ती पक्षाघात समजूनच पळायचं. क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापासह डोकेदुखी आणि फिट, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, या तिन्हींना तातडीनं तपासायला हवं. गर्भारपणाच्या उत्तरार्धात किंवा बाळंतपणानंतर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं आणि फिट, हे वाढलेल्या रक्तदाबाचं किंवा मेंदूतल्या शिरेत झालेल्या गुठळीचं लक्षण असू शकतं. तिथे आईच्या अर्धशिशीचा दाखला देऊन वेळ घालवू नये.

पुढच्या भेटीला जाताना फाइलच्या वर तीन पिढ्यांचा कागद ठेवा, मागे वही, आणि मोबाइलमध्ये चित्रण. डॉक्टरांनी फक्त फिटचं विचारलं तर डोकेदुखीचं तुम्ही सांगा. फक्त डोकेदुखीचं विचारलं, तर घरातल्या फिटचंही सांगा.